हिरव्या चहाचा काढा

माझं लग्न ठरलं त्या वर्षी आमच्या घरात नळ विनाकारण वाहायला लागला.

डोंबिवली पूर्वेला तेव्हा नळ विनाकारण वाहू देणं हा गुन्हाच होता. पाणी ठरावीक वेळेला यायचं आणि आई माळ्यावरच्या टाकीची राखण तिजोरीसारखी करायची. बाबा संडासात गेले की आतून कडी लागायची, मग नळ सुरू व्हायचा आणि बराच वेळ सुरूच राहायचा. "अहो, टाकी रिकामी कराल!" आई बाहेरून ओरडायची. बाहेर आले की बाबा हात पुसत म्हणायचे, "जरा हात धूत होतो." एवढे हात तर कारखान्यातून रंग लावून यायचे तेव्हाही त्यांनी कधी धुतले नव्हते.

आमच्या इमारतीच्या भिंती अशा की शेजारी कसली फोडणी पडली तेही इकडे कळायचं. नळ वाहायचा तो आम्हाला काही ऐकू जाऊ नये म्हणून. थेंब थेंब, थांबत थांबत, पुन्हा थोडं, असं चाललेलं असायचं बिचाऱ्यांचं. आम्हाला सगळं कळत होतं आणि आम्हाला कळतंय हे त्यांना कळत होतं. तरी तिघांपैकी कोणी अवाक्षर काढत नव्हतं. या असल्या सभ्यतेचा मला आजही राग येतो.

बाबांची उमेदीची सगळी वर्षं मानपाड्याच्या बाजूला, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्त झाले तरी माणूस प्रयोगशाळेतून बाहेर पडला नाही. दुधात पाणी किती, साबणात सोडा किती, हे सगळं घरी तपासून व्हायचं. आणि चहाचं तर वेड. कोणाच्या घरी गेले आणि चहा नको म्हणाले, असं कधी झालं नव्हतं. आमच्याकडे चहा नाकारला की समोरच्या बाईला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. तेच बाबा हळूहळू चहाला नको म्हणायला लागले. मग लोकांकडे जाणंच कमी केलं. कल्याणला गाण्याच्या बैठकीला जायचे ते थांबलं, कारण तिथलं स्वच्छतागृह जिना उतरून मागच्या अंगाला होतं. जिथे जायचे तिथे त्यांची नजर आधी दाराकडे, मग पॅसेजकडे. बोलता बोलता मधेच उठायचे, "आलोच हं." परत आले की तुटलेला विषय कोणी जोडायचं नाही.

डॉक्टरकडे जायला मात्र साफ नकार. आमचे नेहमीचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून होते. पण त्यांची बायको आईच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची. "म्हणजे गुरुवारच्या भजनात आधी माझी आरती होणार," बाबा म्हणाले. आईने परोपरीने सांगितलं की डॉक्टर असलं काही घरी बोलत नाहीत. बाबांचं म्हणणं एकच, पेटी वाजवणाऱ्या बाईचे कान तीक्ष्ण असतात.

तशात दिवाळीनंतर बाबांचे एक जुने सहकारी ठाण्याहून भेटायला आले. कंपनीने त्यांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं होतं, आणि तिथून आल्यापासून ते वाक्याची सुरुवात "तिकडे" अशीच करायचे. त्यांनी बाबांच्या हातात एक सुबक डबा ठेवला, हिरव्या चहाचा. तोवर आम्ही तो चहा नुसता ऐकून होतो. आईने डबा उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं. ओल्या गवताचा वास आणि त्यात थोडा खाडीचा. "याला मासळीचा वास येतोय," आई म्हणाली. ती पक्की शाकाहारी, त्यामुळे तिला सगळ्यात आधी मासळीचाच वास यायचा.

दोघे मित्र गॅलरीत बसले होते. मी बशा घेऊन गेले तेव्हा ते गृहस्थ आवाज खाली घेऊन सांगत होते, "अरे, मलाही हाच त्रास. तिकडे म्हातारे दिवसभर हे पितात. त्यांना असलं काही होत नाही म्हणतात. घेऊन बघ तर." मला बघून दोघंही एकदम कारखान्याच्या बॉयलरविषयी बोलायला लागले.

त्या दिवसापासून बाबांच्या अंगात पुन्हा जीव आला. आता हा आजार राहिला नव्हता, प्रयोग झाला होता. वाचनालयातून कुठली कुठली मासिकं आणून त्यांनी वाचून काढली. एका दुपारी मला समोर बसवून, दाराकडे पाठ करून, त्यांनी पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. "प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते पुरुषांना. वय झालं की फुगते. पाइपभोवतीचं गॅस्केट फुगलं की प्रवाह अडतो, बस एवढंच." पुढे म्हणाले, "आणि या चहात कॅटेचिन नावाची संयुगं असतात. टॅनिनच्या घराण्यातली. टॅनिन आम्ही कापडावर रंग पक्का बसावा म्हणून वापरायचो. म्हणजे माझ्या ओळखीतलीच मंडळी आहेत ही." ओळखीच्या डॉक्टरकडे न जाणारा माणूस ओळखीच्या रसायनावर डोळे मिटून विसंबला. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

आता तो चहा करायचा कसा? सहकाऱ्यांनी सांगितलं होतं, गरम पाण्यात पानं घालायची, जरा वेळाने गाळायचं, संपलं. हे आईला पटेना. नुसत्या गरम पाण्यात पाला बुडवून काढला की औषध कसं होईल? तिच्या माहेरी औषध म्हणजे काढा. आठ पेले पाणी ठेवायचं आणि मंद आचेवर एक पेला उरेपर्यंत आटवायचं. अडुळशाचा असाच, गुळवेलीचा असाच, मग या पाल्याने काय घोडं मारलं होतं? आणि एरवी आईचं एक न ऐकणारे बाबा या बाबतीत तिच्या बाजूचे! "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "जितकं उकळू तितकी संयुगं पाण्यात उतरणार. आपल्याला अर्क हवाय, सरबत नको." फक्त एक ताकीद दिली, लोखंडी भांडं नको, टॅनिन आणि लोखंड मिळून शाई होते.

त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या दोघांचं ज्यावर एकमत झालेलं मी पाहिलं, अशा गोष्टी बोटावर मोजण्यासारख्या. त्यातली ही एक. पातेल्यात काळपट हिरवा, तोंड आवळून टाकणारा कडू द्रव तयार व्हायचा. बाबा नाक धरून प्यायचे, वर साखरेचा दाणा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. गुण येतोय असं त्यांना वाटायचं. प्रत्यक्षात उठणं वाढलं होतं, झोप उडाली होती, छाती धडधडायची. "प्रक्रिया सुरू झाली की आधी खळबळ होतेच," असं त्यांचं स्पष्टीकरण. डब्याचा तळ दिसायला लागला की ठाण्याचे गृहस्थ कुठूनतरी नवीन डबा पैदा करायचे.

आणि हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते मला माघात कळलं.

लग्न वैशाखात होतं. मी एकुलती एक. सकाळी पुण्याहवाचनाला आईबाबांनी बसायचं, मग देवक, मग कन्यादान. तासन् तास पाटावर, रेशमी सोवळं नेसून. मधे लघवीला उठलं की सोवळं उतरवायचं, जाऊन यायचं, हातपाय धुऊन चूळ भरायची, पुन्हा नेसायचं आणि मग बसायचं. बाबा घरात अर्ध्या अर्ध्या तासाने उठत होते. तिथे उठले असते तर दर वेळी गुरुजी थांबणार, मुलाकडचे घड्याळं बघणार, आणि अख्खा हॉल बाबांच्या जाण्याकडे बघणार. त्यांना त्या नजरांची धास्ती होती. पण त्याहून मोठी इच्छा होती, माझं कन्यादान स्वतः करायची. काका करू शकले असते, शास्त्राला काही हरकत नव्हती. बाबांना होती.

मला हे कोणी सांगितलं नाही. मी ऑफिसमधून एकदा दुपारीच घरी आले, किल्लीने दार उघडलं, आणि बाहेरच्या खोलीत बघते तर दोन पाट मांडलेले. एकावर बाबा रेशमी मुकटा नेसून, उघड्या अंगावर उपरणं घेऊन, ताठ बसलेले. त्यांच्या उजव्या हाताला दुसऱ्या पाटावर आई, घरच्याच सुती साडीत, मटार सोलत. समोर ना कलश, ना देव, ना गुरुजी.

"कसली पूजा आहे?" मी विचारलं.

"पूजा नाही गं," आई म्हणाली, "सराव करतोय."

"कसला?"

"बसण्याचा," बाबा म्हणाले. कपाळावर घाम होता. शेजारी काढ्याचा रिकामा पेला. आधी काढा घ्यायचा, मग बसायचं आणि रोखून धरायचं, रोज थोडं जास्त. प्रयोगशाळेची शिस्त होती ती. "चाचणी नेहमी कठीण परिस्थितीत घ्यायची. मग प्रत्यक्षात सोपं जातं."

माझा संताप संताप झाला. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही वेडे आहात का? उद्या डॉक्टरकडे चला." ते म्हणाले, "लग्न होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येतो." आई खाली मान घालून मटार सोलत राहिली. तिला तरी सोबतीला बसायची काय गरज होती? पण लग्नातही तीच शेजारी बसणार होती, म्हणून सरावालाही बसली. मी चिडून आत गेले आणि मोरीत तोंड धुता धुता रडले. असं आपल्यासाठी कोणी मुकाट्याने पाटावर बसलेलं बघवत नाही.

लग्नाला आठवडा उरला तेव्हा त्यांनी सरावाचा कहर केला. दुपारभर बसले. मग समाधानाने उठले, सोवळं बदललं, आत गेले, कडी, नळ. आम्ही दोघी आमंत्रणाला निघायच्या तयारीत होतो. नळ वाहत राहिला. आई ओरडली नाही. शेवटी माळ्यावरची टाकी रिकामी झाली, नळ दोनदा खाकरला आणि बंद पडला. त्या शांततेत आतून बाबांचा आवाज आला, लहान मुलासारखा.

"अगं, होत नाहीये."

इतक्या महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं.

रिक्षाने आम्ही त्यांना जवळच्या एका सर्जनच्या दवाखान्यात नेलं. त्या रस्त्यातला एकेक खड्डा बाबांच्या चेहऱ्यावर दिसत होता. आई त्यांचा हात धरून रिक्षावाल्याला "हळू रे, हळू" म्हणत होती, आणि मी "लवकर, लवकर" म्हणत होते. बिचारा दोघींचं ऐकायचा प्रयत्न करत होता. सर्जनने आत नेऊन नळी घातली. पडद्याआडून काही वेळाने बाबांचा एक दीर्घ सुस्कारा आला. आम्हाला आत बोलावलं तेव्हा ते छताकडे बघत होते आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे चाललं होतं. दुखत नव्हतं त्यांना. सुटले होते ते.

"काय औषध चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"काढा," आई म्हणाली. त्याही परिस्थितीत तिच्या आवाजात किंचित अभिमान होता. मग तिने सगळं सांगितलं, आठ पेल्यांचा एक पेला, दिवसातून तीनदा, वर सराव.

डॉक्टर तरुण होते, पण हसले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. ते बाबांच्या कॉटवर बसले आणि म्हणाले, "काका, चहावर माझा राग नाही. त्यातल्या घटकांचा काही उपयोग होतो का, हे लोक बघत असतील, ठरेल तेव्हा ठरेल. पण चहा शेवटी चहाच. त्याने लघवी जास्त होते, झोप जाते. तुम्ही तो आटवून आटवून घेतला, आणि वर रोखून धरलंत. मूत्राशय ताणून ताणून थकलं हो. रबर सैल पडतं तसं." बाबांनी मान हलवली. रबराचं त्यांना लगेच पटलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ऑपरेशन लागणार होतं, पण ते आता केलं असतं तर लग्नाच्या दिवशी बाबा दवाखान्यात असते. म्हणून ठरलं, तोवर नळी आणि पिशवी तशीच ठेवायची, ऑपरेशन लग्नानंतर. परत येताना बाबा गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "कन्यादानाला काका बसेल. तसं कळवून टाकू." आईने पदराने त्यांच्या मांडीवरची चादर सारखी केली. मला वाटलं, ही नळी मी आत्ता उपटून फेकून द्यावी, आणि त्याच क्षणी त्या नळीचे पाय धरावेत. तिनेच तर वाचवलं होतं.

दोन दिवसांनी गुरुजी सामानाचं सांगायला आले. साठी उलटलेले, आमच्याच भागात राहणारे, आवाज खणखणीत. बाबा खुर्चीत बसले होते, पायाशी पिशवी आणि तिच्यावर वर्तमानपत्र.

"पुण्याहवाचनाला आणि कन्यादानाला माझा धाकटा भाऊ बसेल," बाबा म्हणाले.

"का? तुम्हाला काय झालंय?"

बाबा गप्प. आई गप्प. पुन्हा तीच सभ्यता. माझ्याच्याने राहवेना. "गुरुजी, बाबांना लघवीचा त्रास आहे. हिरव्या चहाचे काढे घेऊन झाले, आता ठाण्याच्या डॉक्टरांनी नळी ठेवलीय," मी म्हणाले. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लहान असते तर पळून गेले असते.

गुरुजींनी त्या वर्तमानपत्राकडे बघितलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज एकदम खाली आणला. "डॉक्टर कुठले म्हणालात? ठाण्याचे?"

"तुम्हाला कशाला?" बाबांनी विचारलं.

"कशाला म्हणजे? अहो, दोन वर्षं मी धोतर सांभाळत मंत्र म्हणतोय. होमाच्या वेळी मी नेहमी म्हणतो ना, 'अग्नी जरा नीट पेटू द्या, तोवर मंडळींनी सरबत घ्या'? अग्नीला काय धाड भरलीय! मला जाऊन यायचं असतं."

बाबांना हसू फुटलं. वर्षभरात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली.

"पण सोवळ्यात हे कसं चालेल?" बाबांनी शेवटी विचारलं.

"कवळी लावून आचमन करता ना? चष्मा लावून संकल्प सोडता ना? शरीराला लागतं ते शरीराचंच. मी सांगतोय, बसा तुम्ही." गुरुजी उठले, दाराशी गेले आणि मागे वळले. "तो चहा उरलाय का हो थोडा?"

"उरलाय. घेऊन जा," बाबा म्हणाले. "पण काढा करू नका."

लग्न कल्याणच्या एका हॉलमध्ये झालं. आईने माझ्या शालूच्या ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवली, नाडी ओढून बंद होणारी, जरीच्या काठाची. त्यात ती दवाखान्यातली पिशवी. पिशवी खाली राहायला हवी म्हणून बाबांना पाटाऐवजी चौरंग दिला आणि गुडघ्यांचं कारण सांगितलं. चौरंगाशेजारी जमिनीवर ती जरीची पिशवी दिमाखात बसली होती. माझ्या आत्याला वाटलं तिच्यात दागिने आहेत. ती सबंध सकाळ त्या पिशवीवरून नजर हलवायला तयार नव्हती, आणि मुलांना तिच्याजवळ फिरकू देत नव्हती.

पुण्याहवाचनात आई एकदा उठली. मुलाचे वडील दोनदा उठले. गुरुजींनी अग्नी पेटायला सवड दिली, आणि परत येताना बाबांकडे बघून भुवई उडवली. अख्ख्या मांडवात जागचा न हललेला एकच माणूस होता.

कन्यादानाची वेळ आली. खाली काशाचं ताट, त्यावर नवऱ्या मुलाची ओंजळ, तिच्यावर माझी, आणि वर बाबांची. आई झारी घेऊन उभी. बाबांच्या नखांच्या कडांत इतक्या वर्षांनंतरही निळा रंग होता. मुलाकडच्या कोणीतरी मागून म्हटलं, "गुरुजी, जरा आटपा, पंगत खोळंबलीय." गुरुजींनी बाबांकडे बघितलं.

"सावकाश होऊ द्या," बाबा म्हणाले. "मला कुठेही जायचं नाहीये."

मी मान वर केली. वर्षभर ज्यांची नजर दाराकडे लागलेली असायची ते बाबा दाराकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, निवांत, जणू सगळा दिवस त्यांच्याच मालकीचा होता. जायचं मला होतं. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्या ओंजळीत पडलं आणि मला ते पुसता येईना, हात अडकलेले होते. आईने झारी किंचित उचलून धरली आणि धार अगदी बारीक केली, म्हणजे पाणी लवकर संपू नये.